बिट्टी : बियांपासून लागवड आणि दक्षता

थंड हवामानातील ‘फॉक्सग्लव्ह’ नालासोपाऱ्याच्या उष्ण, दमट हवेत तग धरत नाही. तशाच प्रकारचे, हृदयाचे ठोके बिघडविणारे विष असलेली बिट्टी अर्थात पिवळी कण्हेर मात्र येथील परसबागेत सहज वाढते. ही वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. पिकून काळ्या पडलेल्या फळातील टणक बाठा हातमोजे घालून काढावा, रात्रभर पाण्यात भिजवावा आणि पावसाळ्याच्या तोंडावर निचऱ्याच्या मातीत, उन्हाच्या जागी पेरावा. फॉक्सग्लव्हचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ग्रंथबद्ध केला. बिट्टीचा घरगुती औषध म्हणून वापर मात्र जिवावर बेतू शकतो. झाडाचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. मुलांना बिट्ट्यांशी खेळू देऊ नये. बी पोटात गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे.