कोराडीच्या पाण्याचं कूळ

नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेला आलेली मंडळी देवळाशेजारचा तलाव बघतात, पलीकडच्या चिमण्या बघतात आणि ‘थर्मल’ म्हणून मोकळी होतात. थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राला, पाणी लागतं ते वाफ करायला, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात वाफेचं पाणी थोडं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. बाकी सगळी तहान ती वाफ निववण्याची.

ही तहान वाफेच्या इंजिनाइतकीच जुनी. 1712 साली इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत थॉमस न्यूकमेनचं इंजिन पाणी उपसू लागलं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याची चिळकांडी सोडायची. वाफ आकसून पोकळी व्हायची आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबायची. म्हणजे काम गारव्यानेच व्हायचं. पण दर खेपेला अख्खं सिलिंडर थंड होई आणि ते पुन्हा तापवण्यात कोळसा फुकट जाई. 1765 साली जेम्स वॅटला तोड सुचली: सिलिंडर तापलेलंच ठेवायचं आणि वाफ निववायला वेगळं भांडं द्यायचं. हे भांडं म्हणजे कंडेन्सर. पेटंट 1769चं.

कोराडीचा पहिला संच 1974 साली सुरू झाला. 1983पर्यंत सात संच मिळून क्षमता 1,100 मेगावॉटवर गेली. दट्ट्याची जागा टर्बाइनने घेतली होती, वॅटचं भांडं मात्र कायम होतं, फक्त अवाढव्य झालेलं. आत अंगठ्याएवढ्या जाडीच्या हजारो नळ्या; नळ्यांतून गार पाणी, बाहेरून वाफ. 210 मेगावॉटच्या एका संचाला तासाला सुमारे 27,000 घनमीटर पाणी या नळ्यांतून खेळवावं लागतं आणि ते जवळपास 10 अंशांनी तापून बाहेर पडतं. कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याच्या आसपास वाटा असा पाण्यात जातो. वीज होते ती तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त.

हे ऊन पाणी नदीत सोडलं तर मासे मरतात. म्हणून तलाव बांधायचा: एका टोकाला ऊन पाणी सोडायचं, लांबचा वळसा घालायला लावायचं आणि दुसऱ्या टोकाला निवलेलं उचलायचं. असा तलाव निसर्गाची शोभा नव्हे, यंत्राचाच एक सुटा भाग. फक्त त्याला जमीन फार लागते. 1916 साली नेदरलँड्समध्ये फान इटरसन आणि काउपर्स यांनी कमरेत बारीक असलेल्या काँक्रीटच्या मनोऱ्याचं पेटंट घेतलं आणि तलाव जणू उभा केला. नागपूरकरांना हे तत्त्व वेगळं समजवायला नको. मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हेच करतो. थोडं पाणी उडून जातं, उरलेलं गार होतं. मनोऱ्यातून निघतो तो धूर नव्हे, हे मात्र अजून सांगावं लागतं. 1 जून 1999 नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी-तलावाचं पाणी वापरणाऱ्या केंद्रांना सरकारने हे मनोरे सक्तीचे केले.

पण मनोरासुद्धा पाणी पितोच. कोरड्या उन्हात बाष्पीभवन झकास होतं आणि नेमकं तेव्हाच धरणात पाणी नसतं. चंद्रपूरचं केंद्र इरई धरणावर विसंबून. मे 2010मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं. परळीच्या केंद्रावर 2013 साली तीच पाळी आली. कोराडीची भिस्त पेंच धरणावर आणि नागपूरच्या नळांचीही तिथेच. शहर आणि थर्मल एकाच भांड्याला तोंड लावून बसलेले.

यातून निघालेली वाट मला सगळ्यात पसंत आहे. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं आणि कोराडीला धाडायचं: महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांच्या या प्रकल्पाची क्षमता रोज 13 कोटी लिटर. वाफ निववायला पाणी गार हवं, पिण्याजोगं कशाला? जानेवारी 2016च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात, शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असलेल्या थर्मलांनी असंच पाणी वापरावं, हे कलम आलं. नागपूरने त्याआधीच नळ टाकून ठेवले होते.