नगरचा बंदा रुपया आणि वितळलेले डॉलर

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक शब्द अकरा वेळा आला होता: साठेबाजी. पहिल्या महायुद्धाच्या काळात अहमदनगर जिल्ह्यातला शेतकरी (आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण माझ्या कागदपत्रांत अहमदनगरच आहे) नोट घ्यायला नाखूष होता, चांदीचे रुपये मागायचा आणि मिळाले की घरात ठेवायचा, असं मी लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी अकराही ठिकाणी पेन्सिलीनं गोल केला आणि समासात एकच प्रश्न लिहिला: ‘हा शब्द कोणाच्या तोंडचा?’

शब्द माझा नव्हता. तो सरकारी अहवालांमधून नकळत माझ्या लिखाणात आला होता. त्या एका प्रश्नानं माझे चार महिने खाल्ले आणि शेवटी मला थेट अमेरिकेच्या टांकसाळीपर्यंत नेलं. तुमच्याही विषयात असा एखादा शब्द लपलेला असेल, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

आधी त्या काळातली व्यवस्था समजून घेऊ. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. त्याआधी आपल्याकडे मध्यवर्ती बँक नव्हती. नोटा सरकार काढायचं आणि त्यांच्यामागे ‘कागदी चलन निधी’ ठेवायचं. या निधीत सोनं, चांदी आणि सरकारी कर्जरोखे असायचे. मार्च १९१४ मध्ये सुमारे ६६ कोटींच्या नोटा होत्या आणि त्यांच्यामागे जवळपास ७९ टक्के धातू होता. मार्च १९१९ मध्ये नोटा १५३ कोटींवर गेल्या आणि धातू उरला सुमारे ३६ टक्के. मधली जागा रोख्यांनी भरली होती आणि त्यातले बहुतेक ब्रिटिश सरकारचे होते.

असं का झालं? ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानात माल घेत होतं आणि मेसोपोटेमियातल्या सैन्याचा खर्चही इथून चालवत होतं. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, शिपायाला इथे रुपये द्यावे लागत. त्याची भरपाई मात्र लंडनमध्ये पौंडांत जमा व्हायची. म्हणजे इथे नोटा छापायच्या आणि त्यांच्यामागचं तारण लंडनच्या कागदावर.

आता रुपयाकडे या. एक तोळ्याचा रुपया, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. लंडनच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला, की १ शिलिंग ४ पेन्स दरानं रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग व्हायची. सप्टेंबर १९१७ मध्ये हा भाव ५५ पेन्सपर्यंत गेला. मेक्सिकोतल्या यादवीमुळे तिथल्या खाणींचं उत्पादन घटलं होतं आणि मागणी मात्र जगभर वाढली होती. सरकारनं काय केलं? नाणी वितळवण्यावर बंदी घातली, चांदीची खासगी आयात बंद केली, रुपयाचा दर वाढवला, १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची. चांदी कमी पडतेय म्हणून १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत सोन्याच्या मोहरा आणि सॉव्हरिनसुद्धा पाडले.

इथे जरा थांबा आणि स्वतःला नगरच्या बाजारात उभं करा. तुम्ही ज्वारी विकलीत आणि हातात दहाची नोट आली. नोटेवर वचन आहे की मागताक्षणी पैसे मिळतील. पण कुठे? नोटा काढणाऱ्या सरकारी कार्यालयात. नगर जिल्ह्यासाठी याचा अर्थ मुंबई. नगरच्या खजिन्यात नोट मोडून मिळे ती सोय म्हणून, तुमचा हक्क म्हणून नव्हे. युद्धात चांदी आटल्यावर सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांतली ही सोय आखडती घेतली. साऱ्यापोटी नोट चालायची. तीच नोट मोडून मागितली, तर खजिन्यातून ‘नाही’ येऊ शकत होतं. मग सावकार किंवा सराफ बट्टा कापून मोड देणार. दहाच्या नोटेचे दहा रुपये हातात पडणार नाहीत आणि मुंबईला जायचं तर गाडीभाडं, वर दिवस मोडणार.

बंद्या रुपयाला मुंबई गाठावी लागत नव्हती. तो कोणत्याही बाजारात चालायचा, वाळवी त्याला खात नव्हती आणि दुष्काळात मोडता यायचा. आणि नगरला दुष्काळ नवा नाही. १९१८ चा पाऊसही फसलाच. अशा माणसानं चांदी धरून ठेवली तर ती साठेबाजी म्हणायची, की नोटेवरच्या वचनाची त्यानं घेतलेली परीक्षा म्हणायची? हिशोब पाहिला तर तो चुकत नव्हता. त्याच्या गावात नोट खरोखरच दहा रुपयांची नव्हती.

१९१८ च्या वसंतात पश्चिम आघाडीवर जर्मनीची मुसंडी सुरू झाली, तशी मुंबईच्या नोट कार्यालयात गर्दी वाढली. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरकारजवळ रुपये उरले होते चार कोटींच्या थोडे वर. तेवढेही संपले असते तर नोटेवरचं वचन जाहीरपणे मोडलं असतं, तेही ऐन युद्धात.

मदत आली वॉशिंग्टनहून. तिथल्या सरकारी तिजोरीत चांदीचे कोट्यवधी डॉलर पडून होते. जड नाणं खिशात घेऊन फिरण्यापेक्षा तिथल्या लोकांना त्यावर काढलेली ‘चांदीची प्रमाणपत्रं’, म्हणजे नोटाच, सोयीच्या वाटत. ब्रिटनतर्फे लॉर्ड रीडिंग यांनी बोलणी केली आणि २३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा झाला. त्यानुसार सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले आणि त्यातले सुमारे २६ कोटी हिंदुस्थानसाठी होते. चांदी २० कोटी औंस, भाव औंसाला एक डॉलर.

आकडा कळला की तो आपल्या गावाच्या मापात मोजून बघायचा, ही सवय लावून घ्या. डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, रुपयात १६५ ग्रेन. भागून पाहा: बरोबर सव्वादोन. एक डॉलर वितळला की दोन रुपये चार आणे. म्हणजे या चांदीतून साधारण ५८ कोटी रुपये पाडता येत होते. नोटा दीडशे कोटींच्या घरात असताना ही रक्कम लहान नव्हती. आणि चांदी येतेय ही नुसती बातमीही गर्दी ओसरायला उपयोगी पडली.

अमेरिकेत त्याच वेळी काय घडत होतं, तेही बघा. डॉलर वितळले तसे त्यांच्यावरचे कागद मागे घेतले गेले आणि त्यांच्या जागी फेडरल रिझर्व्ह बँकांच्या नोटा आल्या. ही व्यवस्था १९१३ च्या कायद्यानं उभी राहिली होती, तिला जेमतेम चार वर्षं झाली होती. तिथे माणसांच्या हातातल्या नोटेमागची चांदी गेली आणि त्याच चांदीनं इथल्या नोटेमागे आधार उभा केला. पिटमन हे खाणींच्या नेवाडा राज्याचे सिनेटर. त्यामुळे वितळवली तेवढी चांदी अमेरिकी खाणींकडून पुन्हा डॉलर भावानंच घ्यायची, अशीही तरतूद कायद्यात होती. पुढे बाजारभाव पडला तरी ती खरेदी चालू राहिली. १९२१ पासून तिथे पुन्हा पडलेले चांदीचे डॉलर याच खरेदीतले.

मग ‘निधी’ म्हणजे नक्की काय? तिजोरीत किती टक्के धातू आहे, हा अर्धाच प्रश्न झाला. ७९ टक्के धातू असतानाही नगरच्या माणसाचा हक्क मुंबईतच होता. निधी कुठे ठेवलाय आणि मागणारा कुठे उभा आहे, यांच्यातलं अंतर कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चलन हवं तसं वाढवायची मोकळीक सरकारच्या हाती असू नये, हा त्यांचा आग्रह या वर्षांच्या पार्श्वभूमीवर वाचून पाहा, वेगळाच लागतो.

माझ्या प्रकरणात आता ‘साठेबाजी’ एकदाच येते, तीही अवतरणात आणि कोणी म्हटलं हे सांगून. उरलेल्या दहा ठिकाणी मी लिहिलं: ‘नोट न स्वीकारणे’. वाक्यं लांबली, पण प्रश्न बदलला. पूर्वी मी विचारत होते, शेतकरी असा का वागला? आता विचारते, त्याच्या तालुक्यात नोट किती बट्ट्यानं मोडत होती?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेगळी कागदपत्रं लागतात. समितीचे अहवाल पुरत नाहीत. सराफांच्या वह्या, खजिन्याचा पत्रव्यवहार, मिशनचे हिशोब बघावे लागतात. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. त्यांचा पैसा बॉस्टनहून डॉलरमध्ये यायचा आणि इथे रुपयांत खर्च व्हायचा, म्हणजे रुपया महागला की झळ लगेच लागणार. त्या मंडळाची कागदपत्रं आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. माझा पुढचा मुक्काम तिथल्या सूचीत आहे.

तुम्ही मात्र आज एवढंच करा. तुमच्या खर्ड्यात सर्वांत जास्त वेळा आलेलं विशेषण शोधा आणि समासात तोच प्रश्न लिहा: हा शब्द कोणाच्या तोंडचा?