पटावरचे राज्य आणि मधली गावे

संगणकाच्या पडद्यावर पाळीपाळीने खेळावयाचा आणि राज्य वाढवीत नेण्याचा जो एक खेळ आहे, तो अलीकडे आमच्या सुशिक्षित घरांतून बुद्धिबळाच्या शेजारी येऊन बसला आहे. ह्या जातीच्या खेळांत ‘सिव्हिलायझेशन’ हा सर्वांत प्रसिद्ध होय. सिड मायर ह्या रचनाकाराच्या नावाने तो १९९१ साली प्रथम बाहेर पडला आणि त्याच्या नवनव्या आवृत्त्या आजतागायत निघत आहेत. ह्या खेळासंबंधी दोन तक्रारी आमच्या कानी वारंवार येतात. वडील मंडळींची तक्रार अशी की, मुलांचा वेळ त्यात फुकट जातो. मुलांची तक्रार अगदी निराळी. सुरुवातीच्या काही पाळ्या मोठ्या सुखाने जातात, एखादे डोलदार शहर उभे राहते, आणि पुढे एके दिवशी शेजारचा राजा सैन्य घेऊन येतो व सारे होत्याचे नव्हते करून टाकतो, असे ते म्हणतात. आपले चुकते कोठे हेच नवशिक्यास उमगत नाही. आमच्या मते ह्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर दख्खनच्या इतिहासात सापडते, आणि ते नीट समजून घेतल्यास पहिल्या तक्रारीचाही बराचसा निकाल लागतो.

बुद्धिबळाशी ह्या खेळाचे नाते आहे, परंतु ते दूरचे. बुद्धिबळात दोन्ही पक्षांचे बळ आरंभी समान असते, सारा पट डोळ्यांसमोर उघडा असतो आणि एका राजाला एकच शत्रू असतो. येथे पट अंधारात बुडालेला असतो. जेथवर आपला माणूस जाऊन पोहोचला तेथवरच तो उजळतो. प्रतिस्पर्धी अनेक असतात, त्यांतला आजचा मित्र उद्याचा वैरी होऊ शकतो, आणि प्रत्येक घरातून धान्य, लाकूड, धन ह्यांपैकी काही ना काही निघते. म्हणून बुद्धिबळाची तालीम येथे पुरी पडत नाही. येथे हवी ती राज्यकारभाराची जाण.

असा पट प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर धाराशिव जिल्ह्यातील लोहारा ह्या तालुक्याच्या गावी उभे राहून चोहोंकडे दृष्टी टाकावी. दक्षिणेस नळदुर्ग, ईशान्येस औसा, वायव्येस परांडा, नैर्ऋत्येस सोलापूर, पूर्वेस कल्याणी; आणि ह्या किल्ल्यांच्या मागे गुलबर्गा, बीदर, विजापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ह्या चार राजधान्या. काही शतके ह्या पटावर एकामागून एक राजांनी आपापले डाव मांडले. त्यांतील बहुतेकांनी ज्या चुका केल्या त्याच आज आमचा नवशिका खेळाडू करीत असतो. फरक इतकाच की, त्यांच्या चुकांची किंमत माणसांनी भरली.

पहिली गोष्ट पाण्याची व धान्याची. नवशिक्यास खेळात सर्वांत मोह पडतो तो जगप्रसिद्ध इमारतींचा. शहर वसून चार पाळ्या होतात न होतात तोच तो एखादे आश्चर्य बांधावयास घेतो. त्यात पाळ्यांमागून पाळ्या जातात. तोवर शेजाऱ्याने तीन नवी गावे वसविलेली असतात. अनुभवी खेळाडू पहिले शहर नदीकाठी वसवितो, त्याबरोबर टेहळणीस माणूस पाठवितो, भोवतालची शेते सुधारतो, आणि दुसरी-तिसरी वसाहत उभी राहीपर्यंत भव्यतेचे नाव काढीत नाही.

ह्या बाबतीत नळदुर्ग पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने १६१३ साली बोरी नदीवर तेथे दगडी बंधारा घातला. त्याच्या पोटात जो पाणीमहाल आहे त्याच्यासमोरून पावसाळ्यात पाण्याचे लोट कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. ही इमारत सुंदर आहे ह्यात शंका नाही, परंतु ती आधी बंधारा आहे आणि मग महाल. त्याच सुमारास त्याच्या उत्तरेस मलिक अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि तेथेही नहरीने पाणी खेळविले. दोन निरनिराळ्या दरबारांतील हे दोन पुरुष एकाच निष्कर्षास आले होते. ह्याउलट १६५६ च्या सुमारास विजापुरास गोलघुमट उभा राहिला आणि त्यानंतर तीसच वर्षांनी, १६८६ मध्ये, आदिलशाही संपली. घुमटामुळे राज्य बुडाले असे म्हणणे हा उथळपणा होईल. परंतु घुमटामुळे राज्य वाचले नाही, एवढे तरी निर्विवाद आहे.

दुसरी गोष्ट विस्ताराची. नवशिका खेळाडू एकतर पसरतच नाही, किंवा पसरतो तो इतका की, दूरच्या शहरात काय चालले आहे ह्याची त्याला शुद्ध राहत नाही. २०१८ सालच्या एका पुरवणीपासून ह्या खेळात निष्ठेचाही हिशेब होऊ लागला; दूरचे असंतुष्ट शहर तलवार न उपसताच हातचे जाते. हा नियम रचनाकारांनी कोठून घेतला ते असो, बहमनी राज्याच्या इतिहासात तो शब्दशः लिहिलेला आहे. १३४७ मध्ये स्थापन झालेले हे राज्य चार ‘तरफां’त वाटलेले होते. राज्य वाढले तसतसे एकेक तरफदार लहानसा राजाच होऊन बसला. वजीर महमूद गवान ह्याने हे रोगाचे मूळ ओळखले. त्याने चारांच्या आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले सरळ सुलतानाच्या हुकमतीखाली आणले, आणि काही मुलूख खालशात घेतला. उपाय अचूक होता; परंतु ज्यांची सत्ता त्यामुळे घटली ते गप्प बसणारे नव्हते. बनावट पत्राच्या आधारे त्यांनी सुलतानाचे कान भरले आणि १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला. पुढल्याच वर्षी सुलतानही वारला. १४९० च्या आसपास अहमदनगर, विजापूर व वऱ्हाड येथील सरदार स्वतंत्र झाले, आणि एका राज्याची अखेर पाच राज्ये झाली. ह्यातून खेळाडूने घ्यावयाचे ते इतके : नवी जागा घेण्यापूर्वी जुनी जागा आपल्याशी जोडलेली आहे का, तेथे रस्ता पोहोचला आहे का, तेथील लोक संतुष्ट आहेत का, हे आधी पाहावे. आणि गवानसारखा कारभारी लाभलाच तर त्यास जपावे.

तिसरी गोष्ट हट्टाची. खेळात एखादे शहर असे असते की, ते मिळावे म्हणून नवशिका सर्वस्व पणास लावतो. दख्खनमध्ये हे स्थान सोलापूरचे होते. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह आदिलशाही घराण्यातील राजकन्येशी झाला. सोलापूर हुंड्यात मिळावयाचे ठरले होते, ते मिळाले नाही, आणि दोन्ही घराण्यांत युद्धे जुंपली. पुढे पारडे फिरले. विजयनगराविरुद्ध एकजूट करावयाची म्हणून चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा तेच सोलापूर आता अहमदनगराने विजापुरास हुंडा म्हणून दिले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ही एकजूट विजयी झाली. पण सामाईक शत्रू नाहीसा होताच जुनी भांडणे पुन्हा उकरून निघाली. ही मंडळी एका किल्ल्यावरून झगडत असताना उत्तरेकडील अंधारातून मोगल सैन्य येत होते. १५९५ च्या अखेरीस ते अहमदनगरास येऊन भिडले. चांदबिबीने किल्ला शौर्याने राखला, तरी वऱ्हाड द्यावेच लागले. १६०० मध्ये ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि किल्ला पडला. निजामशाहीचा कारभार काही काळ परांड्यास गेला. १६३६ साली निजामशाही संपली तेव्हा तिचा मुलूख मोगलांनी व विजापूरकरांनी वाटून घेतला. विजापूरकरांस त्या वेळी आपण जिंकलो असे वाटले असेल. वास्तविक आपल्या व मोगलांच्या मधली भिंतच त्यांनी आपल्या हाताने पाडली होती; पन्नास वर्षांनी मोगल त्यांच्याच वेशीशी उभे राहिले. म्हणून दुबळा शेजारी गिळण्यापूर्वी खेळाडूने पाहावे की, त्याच्या पलीकडे कोण राहतो.

चौथी गोष्ट माघारीची. ही नवशिक्यास सर्वांत अवघड जाते. एक शहर गेले की तो खेळ टाकून देतो आणि नवा डाव मांडतो. त्याने १६६५ चा पुरंदरचा तह अभ्यासावा. मिर्झा राजे जयसिंगाशी झालेल्या ह्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले व बारा राखले. कागदावर हा पराभवच. पण त्या बारांच्या आधारावर सैन्य, कारभार आणि रयतेचा विश्वास शाबूत राहिला. १६७० मध्ये किल्ले परत येऊ लागले आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. १६७७ साली त्यांनी दूर दक्षिणेत जिंजी घेतली, तिचा उपयोग त्या घटकेस कित्येकांच्या ध्यानी आलाही नसेल. परंतु १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध होऊन रायगडही पडला, तेव्हा राजाराम महाराजांस उभे राहावयास तीच जागा उरली आणि ती पुढे आठ वर्षांहून अधिक काळ टिकली. राज्य वाढत असतानाच पाठ टेकावयाची जागा तयार ठेवावी, हा ह्यातील धडा होय.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण लोहाऱ्याच्या जवळचेच आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा भागात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पाडाव केला आणि सुमारे साठ लक्षांचा मुलूख पदरात पाडला. विजय सर्वांगपूर्ण होता. त्याच वर्षी त्याच सेनापतीस उत्तरेस जावे लागले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. शौर्यात उणे नव्हते, तोफखाना उत्तम होता. परंतु आपली रसद जेथून यावयाची तो प्रदेश शेकडो कोस मागे राहिला होता, आणि अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडताच सैन्याबरोबर यात्रेकरू व बायकामुलांसह सारा समुदाय उपाशी पडू लागला. नुकत्याच मिळालेल्या विजयाने मनुष्यास आपल्या पोहोचेचा अंदाज चुकतो. खेळातही मोठ्या जयानंतरच्या दहा पाळ्याच सर्वांत धोक्याच्या असतात.

ह्या सर्व गोष्टी आमच्या भाषेत कोणी एकत्र सांगितल्याच नाहीत असे मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्यात गडांची निगा, व्यापाऱ्यांचा मान, आरमार आणि टोपीकरांविषयी बाळगावयाची सावधगिरी ह्यांचा ऊहापोह आहे. इतकेच नव्हे तर आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची फळझाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत अशी ताकीद आहे. खेळाडूस सल्ल्याचे पुस्तक हवे असेल तर आम्ही प्रथम ह्याकडे बोट दाखवू. आमच्या पाहण्यात पुष्कळ विद्यार्थी त्या खेळातील शेकडो इमारतींची नावे घडाघडा सांगतात, परंतु ह्या लहानशा ग्रंथाचे एक पानही त्यांनी उलटलेले नसते.

आणि फळझाडांच्या त्या ताकिदीपाशीच खेळ व इतिहास ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पडद्यावरील प्रत्येक घर धान्य देते, पण त्यात कोणी राहत नाही. डाव बिघडला तर मागच्या पाळीवर परत जाता येते. पूर आला तर चार पाळ्यांत जमीन पुन्हा हिरवी होते. खरा पट असा नसतो. १३९६ पासून बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनने शतकानुशतके जपली, ती राजांची आठवण म्हणून नव्हे. सोलापूर कोणाचे ह्या प्रश्नासाठी ज्या सैन्यांनी येरझाऱ्या केल्या, त्यांच्या घोड्यांना वैरण मधल्याच गावांनी पुरविली. त्या गावांची नावे कोणत्याही तहात आलेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लोहारा परिसरातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त केली. तेथील माणसांस मागची पाळी परत मिळाली नाही. नव्या जागी नवी घरे उभी राहिली. जी माणसे ढिगाऱ्याखाली गेली त्यांच्यावाचून ती वसली.

तेव्हा वडील मंडळींस आमची विनंती अशी की, मुलाच्या हातून खेळ हिसकावून घेऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि एखाद्या पाळीस विचारावे की, तू हे जे घर ओलांडून सैन्य नेतो आहेस, तेथे पीक कोणी पेरले आहे? आणि मुलांस आमचे सांगणे असे की, नदीकाठी वसा, आधी शेते सुधारा, जुने सांभाळून नवे घ्या, एका किल्ल्यासाठी सारे पणास लावू नका, आणि हरलात तरी डाव लगेच मोडू नका. इतके पाळले तर जिंकणे फारसे अवघड जाणार नाही. मात्र डाव जिंकून झाल्यावर सुटीच्या एखाद्या दिवशी नळदुर्गास जावे. बुरुज पाहावे, पाणीमहाल पाहावा, आणि मग परतीच्या वाटेवर लागतील त्या गावांची नावे विचारून घ्यावी.