उजाड कुणाला?

मध्य ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चित्रकलेकडे पहिल्यांदा वळणाऱ्याने ‘उजाड’ हा शब्द चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवावा. भूगर्भशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९०६ साली या खंडाच्या पोटातल्या प्रदेशावर पुस्तक लिहिलं आणि नावातच त्याला ‘मृत हृदय’ ठरवून टाकलं. पुढे खंडाच्या अशाच अंतर्भागात चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापलजारी गुरांमागे हिंडत मोठे झाले, लाकूड कोरायला लागले. ते रंगवायला बसले, तेव्हा त्यांना रिकामी जागा सापडेना.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही तेव्हाची सरकारी वसाहत. १९७१ मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर पोटात मध साठवणाऱ्या मुंगीची कथा रंगवली. पुढच्याच वर्षी चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली. भिंतीवर मात्र नंतर रंग फासला गेला. (जवळपास याच वर्षांत भास्कर कुलकर्णींच्या खटपटीने आपल्याकडची वारली चित्रं भिंतीवरून कागदावर येत होती. योगायोग मोहात पाडणारा आहे. त्यापलीकडे मी साम्य ताणणार नाही.)

पापुन्याच्या याच चित्रकारांपैकी क्लिफर्ड यांचं १९७७चं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र घ्या. निळ्या जिभेचा सरडा-पुरुष लुंगकाटा याच्या दोन मुलांनी शिकार केलेला कांगारू बापाला न देताच संपवला. बापाने वणवा पेटवला, तो मुलांचा पाठलाग करत गेला आणि दोघे जळून मेले. चित्रात मधोमध आगीचा भडका, एका बाजूला दोन सांगाडे. पण त्याच कॅनव्हासवर आणखी आठ कथांच्या वाटा एकमेकींना ओलांडत जातात, आणि रंग बदलतो तो वाट बदलते म्हणून. एकेकाळी एका बँकेच्या कँटीनमध्ये टांगलेलं हे चित्र २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. बाजाराबद्दल इथे एवढंच.

या कथांच्या मुळाशी असलेल्या ‘जुकुर्पा’ला इंग्रजीत ‘स्वप्नकाळ’ म्हणायची प्रथा पडली. ती फसवी आहे, कारण जुकुर्पा संपून गेलेला काळ नव्हे. ती आजही चालणारी रीत आहे, कायदा आहे. आपल्याकडे सर्वांत जवळचं काही असेल तर ते स्थलमाहात्म्य: डोहाला कथा, कड्याला कथा. फरक एवढाच की आपलं माहात्म्य कुणीही वाचावं. तिथे कथा रंगवण्याचा हक्क जन्माने आणि नात्याने येतो. म्हणूनच असं चित्र रंगवणाऱ्याचा स्वतःच्या जमिनीवरचा दावाही असतं.

आता बघायचं कसं? कॅनव्हास जमिनीवर पसरून, चारी बाजूंनी बसून ही चित्रं रंगवली जातात, तेव्हा वर-खाली शोधू नका. एकात एक वर्तुळं म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्काम. इंग्रजी ‘यू’सारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस. चित्रभर पसरलेल्या ठिपक्यांवर अभ्यासकांचा वाद आहे: काहींच्या मते परक्यांनी पाहू नये असा मजकूर झाकण्यासाठी ते दाट होत गेले. मला हे बऱ्याच अंशी पटतं. त्यामुळे वर्तुळाचे दोन अर्थ मी तुम्हाला सांगू शकतो. तिसरा असलाच, तर तो मलाही कुणी सांगितलेला नाही.