उवांचा उपद्रव : लाज नको, उपाय हवा

शाळा सुरू होऊन काही आठवडे उलटले, की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. मूल सतत डोके खाजवते, अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही, रात्रीची झोपही नीट होत नाही. केस विंचरताना उवा दिसल्या, की पालकांना ओशाळल्यासारखे होते आणि ही बाब शेजारीपाजारीच नव्हे, तर शाळेतही लपवली जाते. या लपवालपवीमुळेच उवांचा प्रसार वाढतो. वास्तविक उवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण नाही. रोज न्हाणाऱ्या मुलांच्या केसांतही त्या तितक्याच सहज शिरतात.

जीवनक्रम

डोक्यातील ऊ ('पेडिक्युलस ह्यूमनस कॅपिटिस') हा दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, पंख नसलेला कीटक आहे. तो उडत नाही, उडीही मारत नाही, केवळ सरपटतो. त्यामुळे डोक्याला डोके लागणे हाच प्रसाराचा मुख्य मार्ग होय. खेळताना किंवा एका अंथरुणात झोपताना उवा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात. कुत्र्या-मांजरांपासून त्या माणसाला होत नाहीत.

मादी टाळूलगत केसांच्या मुळाशी अंडी चिकटवते. यांनाच आपण लिखा म्हणतो. साधारण सात ते दहा दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर नऊ ते बारा दिवसांत पिल्लाची पूर्ण वाढ होते. डोक्यावर ऊ सुमारे महिनाभर जगते. मात्र रक्त न मिळाल्यास एक-दोन दिवसांतच मरते.

कशा ओळखाव्यात?

खाज हे प्रमुख लक्षण असले, तरी ती उवांच्या लाळेच्या अॅलर्जीमुळे सुटते. प्रथमच उवा झाल्या असतील, तर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणूनच घरात एकाला उवा आढळल्यास सर्वांचे केस तपासावेत. केस ओले करून चांगल्या प्रकाशात बारीक दातांच्या फणीने विंचरावेत. कानांमागचा व मानेवरचा भाग विशेष काळजीपूर्वक पाहावा. कोंडा बोटाने सहज निघतो, लीख मात्र केसाला घट्ट चिकटलेली असते. टाळूपासून पाव इंचाहून दूर असलेल्या लिखा बहुधा मेलेल्या किंवा रिकाम्या असतात. जिवंत ऊ दिसणे हाच खात्रीचा पुरावा होय.

उपचार

परमेथ्रिन एक टक्का असलेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. पहिल्या वापरात सर्व अंडी मरत नाहीत, म्हणून नऊ-दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते. अनेक घरांत नेमकी हीच दुसरी खेप टाळली जाते आणि उवा परततात. काही ठिकाणी उवा या औषधाला दाद देत नाहीत. अशा वेळी मात्रा मनाने न वाढवता डॉक्टरांना विचारून औषध बदलावे. औषध नको असल्यास ओल्या केसांतून दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवावी. हा क्रम दोन ते तीन आठवडे चालू ठेवावा लागतो.

घरगुती उपायांबाबत सावधगिरी आवश्यक आहे. डोक्याला रॉकेल लावणे जीवघेणे ठरू शकते. ते पेट घेते आणि त्वचाही भाजते. सीताफळाच्या बियांची पूड पूर्वापार वापरली जाते. परंतु ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. ढेकणांची किंवा झुरळांची औषधे तर केसांना कधीही लावू नयेत.

घरातील काळजी

आधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादरी, टॉवेल व टोप्या कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन आठवडे बंद ठेवावे. फण्या किमान ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवाव्यात. घरभर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. प्रत्येकाची फणी व टॉवेल वेगळा असावा. मुलींनी शाळेत जाताना केस बांधावेत आणि आठवड्यातून एकदा केस तपासण्याचा नेम घरात ठेवावा.

डोक्यातील उवांमुळे रोग पसरत नाहीत. प्रलापक सन्निपात ज्वराचा, म्हणजेच टायफसचा, प्रसार अंगावरील उवा करतात, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिस येथे दाखवून दिले. त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोक्यातील उवांचा खरा धोका खाजवून झालेल्या जखमा चिघळण्याचा असतो. टाळूवर पू झाल्यास किंवा मानेत गाठी आल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

मुलाचे मुंडण करणे, त्याला रागावणे किंवा शाळेतून घरी बसवणे यातून काहीच साधत नाही. वर्गशिक्षिकेला व मैत्रिणींच्या पालकांना वेळीच कळवले आणि सर्व घरांत एकाच वेळी उपचार झाले, तरच उवांचे हे चक्र तुटते.