मॅट्रिकचा उंबरठा आणि बेळगाव

बेळगावच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘मॅट्रिक’ हा शब्द केवळ एका परीक्षेचे नाव म्हणून येत नसे. लग्नाच्या बोलणीत मुलगा मॅट्रिक आहे हे त्याच्या कुळागोत्राबरोबर सांगितले जाई. आणि जो त्या परीक्षेत अडखळला, त्याला ‘नॉन-मॅट्रिक’ हे विशेषण जन्मभर पुरे. वास्तविक मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. ती शाळेच्या शेवटाची परीक्षा नव्हे, तर महाविद्यालयाच्या दाराची परीक्षा. दाराच्या परीक्षेनेच पुढे सबंध शाळेचा कबजा घेतला आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा, हा वाद दीडशे वर्षांनंतरही मिटला नाही. बेळगावसारख्या दुभाषी गावाइतका तो वाद दुसऱ्या कोणाच्या क्वचितच वाट्याला आला असेल.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे शिकवणे महाविद्यालयांकडे आणि विद्यापीठाकडे परीक्षा घेणे व पदव्या देणे. तेव्हा मुंबई विद्यापीठाचे पहिले दृश्य कार्य ठरले ते प्रवेशपरीक्षेचेच. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १३२ उमेदवार बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये हेच दोघे, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्यासह, या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. त्या यादीकडे पाहून चाळणी किती उत्तम होती असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु चाळणीतून गळून गेलेल्या शंभरांवर जणांचे पुढे काय झाले, हे इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही.

बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात होते. रेल्वे येथे आली ती १८८० च्या दशकात. त्यापूर्वी परीक्षेसाठी मुंबई गाठायची तर घाट उतरून वेंगुर्ला बंदर आणि तेथून जलमार्ग, किंवा कोल्हापूर-साताऱ्यावरून पुण्यापर्यंत खुष्कीची वाट. परीक्षा थोड्या दिवसांची आणि प्रवास मोठा. बापाच्या खिशाची परीक्षा मुलाच्या आधी होत असे.

भाषेचा प्रश्न मात्र याहून खोल होता. प्रारंभीच्या काळात विद्यापीठाने मराठी, गुजराती, कानडी या देशी भाषांना आपल्या परीक्षांत स्थान दिले होते. रानडे-भांडारकरांची पिढी त्याच व्यवस्थेतून पुढे आली. परंतु १८६० च्या दशकातच पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा वगळण्यात आल्या आणि त्यांची जागा संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषांनी घेतली. या भाषांत पदवीच्या दर्जाचे वाङ्मय नाही, असे त्यामागचे मत होते. याचा परिणाम दारापाशी जाणवल्यावाचून राहिला नाही. पुढे कॉलेजात मराठीचा काही उपयोग नाही असे दिसल्यावर हायस्कुलातला हुशार मुलगा मराठी कशाला घेईल? इतिहास, भूगोल, गणित यांची उत्तरे इंग्रजीत लिहायची आणि दुसरी भाषा म्हणून संस्कृत घोकायची, हीच वाट रूढ झाली. बेळगावच्या वर्गात एकाच बाकावर बसलेला मराठी मुलगा आणि कानडी मुलगा, दोघेही आपापली मातृभाषा उंबरठ्याबाहेर ठेवून आत जात. पुढील शतकात ज्या दोन भाषांचे येथे इतके वैर दिसले, त्या तेव्हा एकाच पायरीवर ताटकळत होत्या, याचे विस्मरण होऊ नये.

रानड्यांना हे शल्य अखेरपर्यंत राहिले. विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना पुन्हा स्थान मिळावे यासाठी त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सिनेटमध्ये प्रयत्न केले, आणि १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले त्याच सुमारास एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश मान्य झाला. म्हणजे भाषा आत आली ती माडीवरून, दारातून नव्हे. दारात, मॅट्रिकला, निरनिराळ्या विषयांची उत्तरे मातृभाषेत लिहिण्याची मुभा मिळण्यास विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले.

या उंबरठ्यावर भाषेबरोबरच आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे श्रेय बेळगावला द्यावे लागेल. १८७५ साली बेळगावच्या पोस्टमास्तरांनी, आपल्या मुलीस मॅट्रिकला बसता येईल काय, अशी पृच्छा विद्यापीठाकडे केली. ते पारशी गृहस्थ होते. होकार मिळाला नाही. नियमांत उमेदवाराचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी होता! कलकत्त्यात कादंबिनी बसू १८७८ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या. मुंबईने मात्र १८८३ पर्यंत वेळ घेतला आणि मग नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असा ठराव केला. व्याकरणाच्या एका दुरुस्तीने दार उघडले. त्या दारातून आत जाऊन त्याच दशकात मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे बालपण काही काळ बेळगावातच गेले होते. पोस्टमास्तरांच्या कन्येला ती परीक्षा कधी देता आली की नाही, हे कोठे वाचनात येत नाही. पण प्रश्न तिच्या नावाने विचारला गेला होता.

मॅट्रिकने काय दिले आणि काय दिले नाही, याचेही एक जोडचित्र बेळगावात सापडते. गोविंद बल्लाळ देवल येथल्या हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि काही काळ तेथेच शिक्षक होते. त्यांचे नाट्यगुरू अण्णासाहेब किर्लोस्कर, याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, औपचारिक शिक्षणाच्या वाटेवर फारसे पुढे गेले नाहीत. मराठी रंगभूमीला दोघेही सारखेच हवे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सरकारी नोकरी धरू पाहणाऱ्यांसाठी मॅट्रिकहून निराळी अशी स्कूल फायनलची परीक्षा काढण्यात आली. कल्पना शहाणपणाची होती. सर्वांनाच कॉलेजात जायचे नसते. पण लोकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. मुलगा कॉलेजात जावो न जावो, जाण्याचा परवाना मात्र घरात असावा, अशी ही मानसिकता आजही ओळखीची वाटेल.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने एस. एस. सी. मंडळ आले आणि मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हा बेळगावची महाविद्यालये मुंबईकडून धारवाडकडे वळली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि येथल्या मराठी शाळांतील मुले एस. एस. एल. सी. ला बसू लागली. १९८१ च्या गोकाक समितीच्या शिफारशींनंतर शालान्त परीक्षेतील भाषांच्या क्रमावरून जे रण माजले, ते ज्येष्ठ सभासदांना सांगण्याची आवश्यकता नाही. एवढेच नोंदवावे की तोही वाद पुन्हा उंबरठ्यावरच्या प्रश्नपत्रिकेचाच होता.

दरम्यान उंबरठा एक राहिला नाही. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशासाठी कर्नाटकात १९९४ पासून सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली आणि शालान्त परीक्षेचे गुण हे अखेरचे गुण राहिले नाहीत. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी अखिल भारतीय ‘नीट’ आली: २०१३ मध्ये प्रथम, त्याच वर्षी न्यायालयाकडून रद्द, आणि २०१६ पासून पुन्हा. २०१७ पासून तिची प्रश्नपत्रिका मराठीतही नियमित मिळू लागली. रानड्यांनी सिनेटात जे मागितले होते, त्याचा एक अंश असा दारापर्यंत पोहोचला.

परंतु त्या परीक्षेच्या नियमानुसार प्रादेशिक भाषेची प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवरच मिळते. मराठीची महाराष्ट्रातील केंद्रांवर. बेळगावात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा पुढील दोन वर्षे पदार्थविज्ञान व जीवशास्त्र बहुधा इंग्रजीतूनच शिकतो. तरीही एखाद्याला प्रश्न आपल्या भाषेत वाचायचा असला, तर त्याने सीमा ओलांडून कोल्हापूरकडचे केंद्र निवडावयाचे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बॅग भरून निघावयाचे.