कवटीतून आरपार जाणारा उजेड आणि आपला तालुका

नेवासा फाट्यावरच्या अपघाताची बातमी करताना एक वाक्य मी कितीतरी वेळा लिहिलंय : 'डोक्याला मार लागल्याने पुढील उपचारासाठी नगरला हलविले.' कधी नगर, कधी संभाजीनगर. कुठंही जा, 50-60 किलोमीटर. आत रक्तस्राव झालाय की नुसता मुका मार आहे, हे वरून दिसत नाही. म्हणून आज एका न दिसणाऱ्या उजेडाचा इतिहास सांगतो.

1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि त्यात थर्मामीटर ठेवून पाहिला. लाल रंगाच्या पलीकडे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण पारा तिथंच जास्त चढला. हाच अवरक्त प्रकाश.

कोरोनात घरोघरी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर आठवतंय ना? त्यात लाल आणि अवरक्त असे दोन दिवे असतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती काढली.

मग 1977 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स यॉब्सिस यांनी दाखवून दिलं, की लाल रंगाच्या लगतचा हा प्रकाश हाड भेदून मेंदूपर्यंत जातो आणि तिथल्या रक्तातल्या ऑक्सिजनची खबर आणतो. कवटी न उघडता!

यातूनच पुढं हातात धरायची यंत्रं निघाली. साचलेलं रक्त हा प्रकाश जास्त शोषतं. डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची तुलना केली, की संशय पक्का होतो. आपल्या देशातही आयसीएमआर, भोपाळचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च यांनी मिळून 'सेरेबो' नावाचं असं यंत्र तयार केलंय. ते मिनिटभरात इशारा देतं. सीटी स्कॅनची जागा ते घेत नाही. कोणाला आधी पळवायचं, एवढं सांगतं. आणि यंत्र काहीही म्हणो, जखमी बेशुद्ध असेल, उलट्या करत असेल, तर थांबायचंच नाही.

आता दुसरी बाजू. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना लाल लेसर सोडलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवलेले दिसले. तिथून 'उजेडानं उपचार' ही कल्पना निघाली, ती मेंदूपर्यंत पोचली. अर्धांगवायूच्या रुग्णांवर नेस्ट नावाच्या तीन चाचण्या झाल्या. 2007 च्या पहिल्या चाचणीनं आशा दाखवली, दुसरीत ठोस फायदा सिद्ध झाला नाही, तिसरी तर मध्येच थांबवावी लागली. संशोधन अजून चालू आहे, पण खात्रीचा इलाज हाती आलेला नाही.

म्हणजे हा उजेड पाहायला कामाचा ठरलाय, बरं करायला अजून नाही. मोबाईलवर लाल दिव्यांच्या टोप्यांच्या जाहिराती येतात, त्या बघताना एवढं लक्षात ठेवा. कोणाच्या अंगावरून वारं गेलं, तर टोपी मागवू नका, गाडी काढा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आतच देता येतं.

आणि मंडळी, गावात पुढारी मतं मागायला आले, की रस्ता-गटारीसोबत हेही विचारा : महामार्गावरच्या आपल्या तालुक्यात सरकारी दवाखान्याला असं यंत्र कधी देणार? मी तर विचारणारच आहे.